बोअरमध्ये पडलेला पाना : काढावा की सोडावा?

प्रश्न : आमच्या शेतातील बोअरची मोटार जळाल्यामुळे ती वर काढण्याची तयारी चालली होती. तोंडावरच्या क्लॅम्पचे नट सैल करताना १८-१९ नंबरचा पाना हातातून निसटला आणि पाइप व केसिंग (बोअरच्या वरच्या भागाला आधार देणारी नळी) यांच्या मधल्या फटीतून आत गेला. बोअर साडेसहा इंची व ३०० फूट खोल असून वरचे ४० फूट प्लास्टिकचे केसिंग आहे. मोटार जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांवर २४० फुटांवर टांगलेली आहे आणि पाणी सध्या १२० फुटांच्या आसपास लागते. मोटार काढणारे मिस्त्री म्हणतात, सरळ ओढून घेऊ, पाना आपोआप खाली जाईल. चुलते म्हणतात, गळ टाका. गावातील एका गॅरेजवाल्याने मोठे लोहचुंबक देऊ केले आहे. दोन दिवस काम थांबले आहे. काय करावे?
— एक शेतकरी, संगमनेर तालुका

उत्तर : काम थांबवले, हे आपण फार चांगले केले. पाना बाजारात काही शे रुपयांना मिळतो. त्याच्या खाली टांगलेला पंप, मोटार, केबल आणि बारा पाइप यांची किंमत त्याच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे पाना कसा काढावा यापेक्षा, पाना आत असताना मोटार सुखरूप वर कशी आणावी, हाच आपला खरा प्रश्न आहे असे समजून मी उत्तर देतो.

प्रथम मापे पाहू. साडेसहा इंच म्हणजे सुमारे १६५ मिलिमीटर. अशा बोअरमध्ये सहसा चार इंची म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर व्यासाचा पंप असतो. तो बरोबर मधोमध असेल, तर सभोवती ३२ मिलिमीटरची मोकळी जागा उरते. एका अंगाला टेकला असेल, तर दुसऱ्या अंगाला ती ६५ मिलिमीटरपर्यंत वाढते. १८-१९ चा पाना लांबीला साधारण वीतभर, तोंडाशी सुमारे ४० मिलिमीटर रुंद आणि जेमतेम ८ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे तो सपाट बाजूने खडकाला लागून घसरला, तर पंपाशेजारून सहज निसटून तळाला जातो. तिरपा अडकला, तर मात्र पाचर होते.

ही पाचर कशी बसते ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण मिस्त्रींच्या सल्ल्यातला धोका तिथेच आहे. पान्याचे खालचे टोक पंपाच्या खांद्यावर आणि वरचे टोक खडकाला टेकलेले आहे, अशी कल्पना करा. पंप वर ओढला की खडक पान्याचे वरचे टोक घर्षणाने मागे धरून ठेवतो, पाना आडवा होऊ लागतो आणि आडवा होताना जास्त जागा मागतो. जितके ओढाल तितका तो घट्ट बसतो. पंप खाली सोडला, तर मात्र तोच पाना पुन्हा उभा होऊन मोकळा होतो. म्हणून अडकल्याची शंका येताच हात वर नव्हे, तर खाली गेला पाहिजे. चेनपुलीवर उभ्या असलेल्या माणसाला नेमके उलटे सुचते, कारण अडले की जोर लावायचा, ही आपली सवय असते.

आता पाना कुठे असेल, याचा अंदाज घेऊ. तो पडताना आवाज किती वेळाने आला, हे कोणाला आठवते का, ते विचारा. कशालाही न धडकता १२० फूट पडायला सुमारे पावणेतीन सेकंद लागतात. पाइपावर व केसिंगवर आपटत गेला असेल, तर थोडा अधिक वेळ लागेल. खणखणाट लवकर थांबला आणि नंतर पाण्यात पडल्याचा आवाज आलाच नसेल, तर पाना पाण्याच्या वरच कुठेतरी अडकला असण्याचा संभव मोठा आहे. अशी जागा बहुधा केसिंग संपून उघडा खडक सुरू होतो तिथे असते, कारण तिथे लहानशी पायरी राहते.

हे पाहण्यासाठी महागडे साधन लागत नाही. स्वच्छ ऊन असताना एकाने आरसा धरून कवडसा बोअरमध्ये सोडावा आणि दुसऱ्याने पाइपाच्या चारही अंगांनी आत पाहावे. चांगल्या उन्हात पाण्यापर्यंतची भिंत बऱ्यापैकी दिसते, आणि विजेरीच्या प्रकाशापेक्षा हा कवडसा कितीतरी खोल जातो. मोबाइलला जोडायचे वायरीचे कॅमेरे मिळतात. पण त्यांची वायर सहसा पाच-दहा मीटरच असते, त्यामुळे ते आपल्या केसिंगच्या तळापर्यंतही पुरणार नाहीत. बोअरमध्ये सोडण्याचे खास कॅमेरे असलेली माणसे तालुक्याच्या ठिकाणी मिळू शकतात. मोटार वर येत नाही असे ठरले, तरच तो खर्च करावा.

चुलत्यांच्या गळाबद्दल मला आदर आहे. आमच्या घरी माजघराच्या आढ्याला सहा आकड्यांचा एक गळ टांगलेला असे आणि आळीत कुणाचीही घागर किंवा बादली विहिरीत पडली की तो मागायला माणूस येई. पण गळ काम करतो तो कडीवर, काठावर किंवा दोरावर. बादलीला कडी असते. दोन्ही तोंडांनी उघड्या असलेल्या पान्याला आकडा अडकेल अशी जागाच नसते. उलट साडेसहा इंचांच्या बोअरमध्ये गळाचे आकडे मोटारीच्या केबलला ओरबाडतील आणि एका अडचणीच्या दोन होतील. गळ विहिरीसाठी ठेवावा, बोअरसाठी नव्हे.

चुंबकाचा विचार अधिक योग्य आहे, पण आपल्या बाबतीत एक मोठी अडचण आहे. पाना पोलादी असल्याने चुंबकाला चिकटेल हे खरे. परंतु जीआय पाइपही लोखंडीच असतो. गॅरेजमधले चुंबक उघडे सोडलेत, तर ते दहा फुटांच्या आतच पाइपाला चिकटून बसेल. मोटार काळ्या प्लास्टिकच्या पाइपावर असती, तर मी चुंबकाचाच सल्ला प्रथम दिला असता. पाना पाण्याच्या वर, पायरीवर दिसत असेल, तर एक युक्ती करता येते. चुंबकाला जाड प्लास्टिक पाइपाच्या तुकड्यात असे बसवा की फक्त त्याचे खालचे तोंड उघडे राहील. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. बाजूने सात-आठ मिलिमीटर प्लास्टिक आड आले, की ते पाइपाच्या कडेने सरकवता येण्याइतके सैल होते. चुंबकाच्या डोक्यावरची कडी आट्यांची असेल, तर ती सोडण्यापूर्वी चिकटवून पक्की करा, कारण दोर पिळला गेला की अशी कडी हळूहळू उलगडते आणि पान्याच्या सोबतीला चुंबकही जाते. आपल्या भागातील बोअरमधून चुंबक वर आले, की त्याला काळ्या कणांची दाढी लागलेली दिसेल. तो काळ्या पाषाणातील लोहाचा अंश आहे. पाना झिजला असे समजू नये.

पाना दिसलाच नाही, तर मात्र त्याचा नाद सोडून मोटारीकडे वळावे. मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावेत. चेनपुली लावून पाइप फक्त फूटभर वर घ्यावा आणि पुन्हा खाली सोडावा. असे दोन-तीनदा करताना साखळीवरचा भार एकसारखा वाटला, तर पाना बहुधा वाटेत नाही. भार एकाएकी वाढला, तर लगेच खाली सोडून पाइप थोडा फिरवावा व पुन्हा बेताने उचलावा. फिरवताना एक पथ्य कसोशीने पाळावे : वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच, आणि तेही पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. उलट फिरवल्यास खालचा कुठला तरी जोड उलगडेल आणि पंप तळाला जाईल. जास्त फिरवल्यास केबल पाइपाभोवती आवळली जाईल. पंपाला सुरक्षेचा नायलॉन दोर बांधलेला असेल, तर तो पाइपाबरोबरच ताणात ठेवून वर घ्यावा, ढिला पडू देऊ नये. पंप ४० फुटांवर, म्हणजे केसिंगच्या खालच्या काठाशी येईल, तेव्हा वेग अगदी कमी करावा, कारण तिथे अडकल्यास प्लास्टिकचे केसिंग फाटते आणि मग वरचा मुरूम आत ढासळू लागतो.

मोटार वर आली आणि पाना तिच्याबरोबर आला नाही, तर तो तळाशी गेला असे मानून विसरून जावे. आपला पंप तळापासून ६० फूट वर असतो. तिथे पडून गंजणारा एक पाना पाण्याला किंवा पंपाला उपद्रव देत नाही. नवी मोटार सोडताना मात्र पाइपाभोवती गोणपाट गुंडाळून बोअरचे तोंड बंद ठेवावे आणि प्रत्येक पान्याला मनगटाएवढ्या फासाची सुतळी बांधावी. मिस्त्री हसतील, हसू द्यावे.

प्रश्न : गाडीची बॅटरी बदलताना १० नंबरची गोटी (नट फिरवण्याचे सॉकेट) इंजिनाच्या भागात पडली. खाली जमिनीवर आली नाही. गाडी तशीच चालवली तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गोटी सापडेपर्यंत चालवू नये. ती पट्ट्यात किंवा पंख्यात गेली, तर नुकसान गोटीच्या मानाने फार मोठे होईल. हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजू सोडवा. काही गाड्यांमध्ये किल्ली काढलेली असतानाही रेडिएटरचा पंखा स्वतःहून सुरू होतो. इंजिन थंड होऊ द्या, कारण गरम भागांवर आपला हात तर भाजेलच, शिवाय साधी निओडिमियम चुंबके ८० अंश सेल्सियसच्या पुढे आपली ताकद गमावू लागतात.

बहुतेक वेळा गोटी इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या पत्र्यात जाऊन बसलेली असते. तो पत्रा चार-सहा स्क्रू काढून उतरवला की ती हाती लागते. तिथे नसेल, तर तशाच आकाराच्या नटाला दोरा बांधून तो त्याच जागेवरून सोडावा आणि कुठे जातो ते पाहावे. दोऱ्याचा नट जिथे थांबतो, त्याच्या आसपासच गोटीही थांबलेली असते, असा माझा अनुभव आहे. लांबणाऱ्या दांडीच्या चुंबकाला कागदाची नळी गुंडाळून टोक तेवढे उघडे ठेवले, की ते वाटेतल्या पोलादी पट्ट्यांना चिकटत नाही. स्पार्क प्लग काढलेला असताना त्या भोकात काही पडल्याची शंका असेल, तर किल्लीला हातही लावू नये आणि गाडी ढकलूनही नेऊ नये.

गोटीला क्षुल्लक समजणाऱ्यांसाठी एक हकिगत सांगतो. सप्टेंबर १९८० मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात, डमास्कस गावाजवळच्या भूमिगत तळावर टायटन-२ या क्षेपणास्त्राची देखभाल चालू असताना सुमारे साडेतीन किलो वजनाची गोटी निसटली. ती जवळजवळ ८० फूट खाली पडली, आपटून उसळली आणि तिने इंधनाच्या टाकीला भोक पाडले. दुसऱ्या दिवशी पहाटे स्फोट होऊन एकाचा मृत्यू झाला. क्षेपणास्त्रावरचा अण्वस्त्राचा भाग बाहेर फेकला गेला, पण सुदैवाने त्याचा स्फोट झाला नाही. आपली गोटी दहा नंबरची आहे, एवढाच दिलासा.

प्रश्न : सोसायटीच्या लिफ्टच्या दाराशी काम करताना स्क्रू ड्रायव्हर उंबरठ्याच्या फटीतून खाली खड्ड्यात पडला. रखवालदाराकडे दाराची किल्ली आहे. उतरून काढू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मुळीच नाही. लिफ्ट बंद असल्याची आपली खात्री आणि ती खरोखर बंद असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या खड्ड्यात वरून लिफ्टचा डबा व शेजारून डब्याचा तोल राखणारे भारवजन, दोन्ही खाली येतात. देखभाल करणाऱ्या कंपनीला कळवा; त्यांचा माणूस आधी खड्ड्यातला थांबवण्याचा स्विच दाबतो, मगच आत उतरतो. तो येईपर्यंत किल्ली रखवालदाराकडून घेऊन सचिवांच्या कपाटात ठेवावी आणि स्क्रू ड्रायव्हर पडल्याची नोंद तारखेसह लिफ्टच्या वहीत करावी, म्हणजे नियमित देखभालीच्या फेरीत तो काढायचा राहणार नाही.