काठीची सावली आणि ४०२ वजा १५७

प्रश्न : मी इंदूरच्या राजेंद्रनगरात राहते, बँकेतून निवृत्त झाले आहे. जुलैपासून आठवड्यातून तीन दिवस सिमरोलच्या पुढच्या एका गावात सहावी ते आठवीच्या मुलांना शाळा सुटल्यावर गणित-विज्ञान शिकवते. पंचवीस मुलं यायची, आता नऊ उरलीत. चांगलं विज्ञान-किट आणलं, तर मुलं हात लावायला घाबरतात. सातवीतल्यांना वजाबाकीसुद्धा येत नाही. माझं कुठे चुकतंय? – एक वाचक

उत्तर : ताई, नऊ मुलं टिकली ही मोठी गोष्ट आहे. दिवसभर शाळेत बसून, जनावरांना पाणी दाखवायचं काम कुणावर तरी सोपवून ती तुमच्याकडे येतात.

किट तूर्त कपाटात ठेवा. महागाची वस्तू फुटली तर काय, या धास्तीनं मुलं मागे सरतात. मी त्याच बाजूच्या गावात नऊ वर्षं वर्ग घेतला. माझं सगळ्यात चाललेलं साधन म्हणजे मीटरभर लांबीची काठी. डिसेंबरातल्या एका रविवारी देवळासमोर ती उभी रोवली. बारा ते एक, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा, दर वेळी वेगळ्या मुलानं. बाराला सावली सगळ्यात आखूड होणार, अशी सगळ्यांची खात्री. ती बारानंतरही आखडत गेली आणि बारा पंचवीसच्या खड्यानंतर लांबू लागली. एक मुलगी म्हणाली, “मैडम, आपकी घड़ी गलत है.”

घड्याळ बरोबर होतं. देशाची वेळ ८२.५ रेखांशाची, इंदूर ७६च्या किंचित अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडे सुमारे सव्वीस मिनिटं उशिरा मध्यावर येतो. दशांशाचा तो गुणाकार मुलांनी धुळीत बोटानं केला, मी सांगितलाही नव्हता. सगळ्यात आखूड सावली भरली १०४ सेंटिमीटर. तीच मार्चच्या २१ तारखेला ४२ झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती जवळजवळ नाहीशी होते, कारण कर्कवृत्त आपल्या जरासंच उत्तरेला आहे. पुढे मुलांना उज्जैनच्या वेधशाळेत नेलं, तर शंकुयंत्र, म्हणजे सावली मोजायची उभी काठी, पाहून त्यांनी लगेच ओळखलं : “ये तो अपनी लकड़ी है!”

आता वजाबाकी. ४०२ वजा १५७ घाला आणि उत्तर नीट बघा. बरीच मुलं ३५५ लिहितील. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय. म्हणजे नियम आहे, फक्त चुकीचा. त्याला काट मारू नका. काड्यांच्या दहाच्या जुड्या बांधा, दहा जुड्यांची एक मोळी. चार मोळ्या आणि दोन सुट्या काड्या मुलाच्या हातात द्या आणि १५७ मागा. सुट्या पुरत नाहीत, जुडी एकही नाही. मोळी सोडावीच लागते, मग तिच्यातली एक जुडी. माझ्या वर्गात एका मुलाला हे जमायला तीन संध्याकाळी लागल्या. लागू द्या.

एक गोष्ट आपल्याकडून नकळत घडते. आपण मराठीत शिकलो, मुलं हिंदीत शिकतात आणि घरी माळवी किंवा भिली बोलतात. ‘छेद’ म्हटलं की त्यांना भोक आठवतं. त्यांच्या पुस्तकात तो ‘हर’ आहे. ‘हातचा’ म्हणजे ‘हासिल’. त्यांची पाठ्यपुस्तकं आधी स्वतः वाचून काढा.

हे आपल्याच प्रदेशात घडून गेलंय. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सहावी ते आठवीच्या सोळा शाळांतून प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता १९७८ साली तिथे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व आगकाड्या यांतून त्यांनी आकार जोडले. त्रिकोण ताठ राहतो, चौकोन कलंडतो, हे बोटाला कळतं. तो कार्यक्रम सरकारनं २००२ मध्ये बंद केला. मला त्याचं आजही वाईट वाटतं. पण १९८२ साली त्यातून पुढे आलेल्या ‘एकलव्य’ या संस्थेची पुस्तकं आणि ‘चकमक’ मासिक हिंदीत मिळतं. नऊ मुलांत एक अंक फिरवा.

गळालेल्या सोळांबद्दल : सोयाबीनची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात असते, तेव्हा मुलं शेतात असतात. दिवाळीनंतर त्यांच्या घरी स्वतः जा. मुलींच्या आयांना सुटायची वेळ सांगा आणि थंडीत अंधाराआधी सोडाच. माझ्याकडे जुड्या बांधलेला काड्यांचा डबा अजून आहे. संपादकांकडे निरोप ठेवा, पाठवून देते.