दबावगट सरकारचं धोरण खरंच बदलू शकतात, की शेवटी पैसेवाल्यांचंच चालतं?

बदलतात. माझ्या दारात गंजत पडलेला टिप्पर येऊन बघा.

मी गोव्यातला, डिचोलीकडचा. खनिज वाहतुकीत माझे दोन टिप्पर होते, त्यातला एक कर्जावर. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला आणि 2012 च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर होती. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला माझा मेव्हणा आला होता. कांगलांचा घोस सुतळीने आवळता आवळता म्हणतो, "भाऊजी, आता मोर्चे काढाल तुम्ही. पण खाणींच्या लीजच्या तारखा जो तपासेल तोच जिंकणार." मी त्याला म्हटलं, तू स्टुलावरून खाली उतर आधी. तो निघूनच गेला. उरलेल्या सुपाऱ्या मी कशाबशा अडकवल्या, त्याही वाकड्या.

2014 च्या एप्रिलात गोवा फाऊंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला: लीजची मुदत 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती, त्यानंतरचं खाणकाम बेकायदा. तारखाच निघाल्या शेवटी!

पैसेवाल्यांचं चालत नाही असं मात्र नाही. त्या निकालानंतर 88 लीजचं नूतनीकरण झालं. खाणींची लीज लिलावानेच द्यायची अशी सक्ती करणारा वटहुकूम 12 जानेवारी 2015 ला आला, आणि त्याच्या तोंडावर फायली कशा धावल्या ते सर्वोच्च न्यायालयानेच लिहून ठेवलंय. फेब्रुवारी 2018 मध्ये ती 88 ही रद्द झाली. मग मार्चमध्ये पणजीत पूल अडवायला उन्हात कोण? आम्ही. मालकांपैकी एकही तोंड मला तिथं दिसलं नाही. मालकाला सवलत हवी असली की 'खाण अवलंबित', म्हणजे खाणीवर पोट असलेले, म्हणून आम्हाला पुढे करायचं. दबावगटात शिरण्याआधी तुम्ही त्यात कोण आहात ते ओळखा, एवढंच सांगेन. आणि निवेदन दिलंत तर पोच घ्या. पोच नसलेलं निवेदन रद्दीत जातं.

नुसत्या गर्दीनेही कधी कधी जमतं म्हणा. गोव्यातल्याच शेळ-मेळावली गावात जानेवारी 2021 मध्ये बायका वाटेत ठाण मांडून बसल्या आणि आयआयटीचा ठरलेला प्रकल्प तिथून हलवावा लागला. पण त्या स्वतःच्या जमिनीसाठी बसल्या होत्या, आमच्यासारख्या दुसऱ्याच्या लीजसाठी नव्हे.

मेव्हणा अजून दर चवथीला तारखांचं ते काढतोच. त्याला माझं एकच विचारणं आहे: टिप्परचा हप्ता कोण भरणार, हे त्या निकालात कुठल्या पानावर होतं? ट्रकवाल्यांना अर्थसाहाय्य मिळालं, कर्जात सवलत मिळाली, ती आम्ही आरडाओरडा केला म्हणून. त्यातूनच माझं घर दोन वर्षं चाललं, आणि त्याच्या बहिणीचंही.