माझं एडिट उडवलं कुणी? विकिपीडियावरच्या भांडणांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ‘मराठी विकिपीडियावर लिहायला या’ असं आवाहन केलेलं, त्यावर लिहायला लागलेल्यांपेक्षा तिथं जाऊन भांडून आलेल्यांचीच पत्रं जास्त आलीत. त्यातली काही घेतोय. नावं मुद्दाम गाळलीत, कारण पहिली दोन पत्रं एकाच भांडणाच्या दोन बाजूंनी आलीत असा आम्हाला दाट संशय आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहतो, मराठी विकिपीडियावर बरीच वर्षं लिहितोय. पंचगंगा नदीच्या लेखात कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती अशा चार नद्या मी नीट लिहिल्या होत्या. आता कोणीतरी नवीन सदस्य येऊन त्यात सारखी सरस्वती घालतोय. मी काढतो, तो परत घालतो. काल तर माझ्या चर्चा पानावर (प्रत्येक सदस्याला आणि लेखाला असणारं बोलायचं पान) ‘तुम्हाला कोल्हापूरची माहिती नाही’ असं लिहून गेला. जन्म गेला हो माझा इथं. ॲडमिनकडं तक्रार करून याला ब्लॉक करता येईल का? सोबत हिस्टरीचा (कोणी कधी काय बदललं त्या यादीचा) प्रिंटआउट जोडला आहे.

सर, तक्रार करता येते, पण प्रिंटआउट बघितल्यावर आधी एक विचारावंसं वाटलं, राग मानू नका. तुम्ही प्रत्येक वेळी ती ओळ उडवलीत, पण संपादन सारांशाच्या जागी, म्हणजे बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत, एकदाही काही लिहिलेलं नाही. नुसतं अनडू, अनडू, अनडू. आता समोरच्याच्या जागी बसून बघा. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा विकिपीडियावर काहीतरी लिहिलं, सेव्ह केलं, संध्याकाळी बघतोय तर ओळ गायब. त्याला हिस्टरी नावाचा प्रकार असतो हे माहिती नाही, चर्चा पान माहिती नाही, बऱ्याच जणांना तर वाटतं नेट गंडलं असेल, सेव्हच झालं नसेल, म्हणून ते बिचारे परत टाईप करतात आणि आपल्याला वाटतं बघा कसा हट्टाला पेटलाय. दोन-तीनदा असं झालं की मग त्याला कळतं की पलीकडं कोणीतरी माणूस बसलाय आणि तो मुद्दाम काढतोय, आणि तिथून पुढं नदी राहते बाजूला आणि तुमचं-त्याचं सुरू होतं.

बरं, मूळ मुद्दा बघितला तर तुम्ही दोघंही बरोबर आहात, हे जास्त गमतीचं. डोळ्यांना दिसणाऱ्या नद्या चारच, आणि पाचवी गुप्त सरस्वती ही परंपरेनं धरलेली. लेखात एवढंच लिहा ना, की कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा तयार होते आणि गुप्त सरस्वती ही पाचवी नदी परंपरेनं मानली जाते. पहिल्या भागाला भूगोलाचं पुस्तक संदर्भ म्हणून द्या, दुसऱ्याला तीर्थक्षेत्राबद्दलचं एखादं छापील पुस्तक द्या. जमिनीखाली खरंच नदी आहे का याचा निकाल विकिपीडियानं लावायचाच नसतो, कोण काय मानतं आणि ते कुठं नोंदवलंय एवढंच तिथं लिहायचं असतं. तुम्ही ‘काढलं’ आणि त्यानं ‘घातलं’ यापलीकडं तिसरी वाट असते, आणि ती शोधायचं काम ज्याला नियम माहिती आहेत त्याचं असतं, म्हणजे सर, तुमचं.

आता करायचं काय. आजपासून अनडूला हात लावू नका. त्याची ओळ दोन दिवस तशीच राहू दे, काय पूर येत नाही. इंग्रजी विकिपीडियावर तर नियमच आहे की एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं उलटवलं तर ब्लॉक होऊ शकतो, आणि तिथं ‘पण मी बरोबर होतो’ ही सबब चालत नाही. लेखाच्या चर्चा पानावर वरचं वाक्य ठेवा. मग त्या सदस्याच्या चर्चा पानावर स्वतःच्या शब्दांत लिहा, तो लाल-पिवळा इशाऱ्याचा साचा, म्हणजे तयार मजकूर, चिकटवू नका, तो वाचून नवीन माणसाला पोलिसाची नोटीस आल्यासारखं वाटतं. साधं लिहायचं : ‘नमस्कार, पंचगंगेत तुम्ही सरस्वती घातली ती मी काढत होतो, कारण तिथं संदर्भ नव्हता. परंपरा म्हणून तिचा उल्लेख यायला हवा हे मला पटतंय. चर्चा पानावर एक वाक्य सुचवलंय, बघून सांगाल का? तुमच्याकडं एखादं पुस्तक असेल तर फारच चांगलं.’ ‘माहिती नाही’ म्हणालेल्याला उत्तर द्यायचं नाही, ते गिळायचं. अवघड आहे, पण जन्म शिवाजी पेठेत गेला म्हणून वाक्य काही जास्त खरं होत नाही, आणि चिखलीत गेला म्हणूनही होत नाही.

आठवडाभर थांबूनही उत्तर नाही आलं तर ते वाक्य लेखात घाला. उत्तर आलं पण पटत नसेल तर चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, जाऊन तिसऱ्या कोणालातरी बघायला सांगा, आणि सांगताना ‘हा त्रास देतोय’ असं नाही, ‘या वाक्याबद्दल मत हवंय’ असं सांगा. ॲडमिन म्हणजे प्रचालक हा मजकुराचा न्यायाधीश नसतो हो, तो वागणुकीवर कारवाई करतो, आणि आज तुम्ही तक्रार केलीत तर तो हिस्टरी उघडणार आणि त्याला दोन माणसं एकमेकांचं उडवताना दिसणार. फार तर पान लॉक करेल, आणि जुने विकिपीडियन म्हणतात तसं पान नेहमी चुकीच्याच आवृत्तीवर लॉक होतं.

शिव्या घातल्या, अख्खं पान कोरं केलं, कोणाची बदनामी लिहिली, तर मात्र चर्चा-बिर्चा काही नको, सरळ उलटवा आणि कळवा. तुमचं प्रकरण त्यातलं नाही.

आणि हे सगळं मी नवीन पोरांचे लाड करायला सांगतोय असं वाटत असेल तर एक सांगतो. इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घसरायला लागली, आणि ती का घसरली यावर अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये जो अभ्यास छापला त्यात हेच निघालं की चांगल्या मनानं आलेल्या नवख्यांची पहिलीच एडिटं झटपट उडवली जातात आणि ते परत फिरकत नाहीत. तिथं माणसं तरी भरपूर आहेत. आपल्या मराठीत १ मे २००३ पासून विकिपीडिया आहे आणि नेमानं लिहिणारे अजून मोजकेच, त्यातला एक घालवून आपल्याला काय मिळणार?

प्रश्न : मी कॉलेजला आहे, गाव प्रयाग चिखली. विकिपीडियावर आमच्या संगमाबद्दल लिहिलं तर एक माणूस सारखा ते उडवतोय, कारणच देत नाही. सरस्वती इथं गुप्त आहे हे आमच्याकडं लहान पोराला पण माहिती आहे, आजी सांगायची. त्याला कोल्हापूरची माहितीच नाही असं मी लिहिलं तर काय चुकलं?

वरचं उत्तर वाचलंसच, त्यामुळं नदीबद्दल परत नाही सांगत. तुझी आजी बरोबरच सांगायची, फक्त विदर्भात बसून लेख वाचणाऱ्याला तुझ्या आजीला विचारता येत नाही, म्हणून छापलेलं काहीतरी लागतं. कोल्हापूरचं जुनं इंग्रजी गॅझेटियर १८८६ चं आहे, नंतरचं १९६० चं आहे, शिवाय गावाबद्दल, यात्रेबद्दल पुस्तकं निघालेली असतात, कॉलेजच्या लायब्ररीत विचार. पान नंबरासकट संदर्भ दिलास की ती ओळ उडवणाऱ्याला कारण द्यावंच लागतं.

कारण न देता उडवलं हे त्याचं चुकलंच. पण ‘तुम्हाला माहिती नाही’ हे वाक्य तू ओळीबद्दल नाही, माणसाबद्दल लिहिलंस. त्याऐवजी ‘हे का काढलं ते सांगाल का’ एवढंच विचारलं असतंस तर बहुतेक त्याच दिवशी उत्तर मिळालं असतं, कारण पलीकडचे बरेच जण भले लोक असतात, फक्त टाईप करायचा कंटाळा असतो.

प्रश्न : आमच्या कॉलेजात २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनानिमित्त विकिपीडिया कार्यशाळा घेतली. लॅबमध्ये चाळीस मुलं होती. सहा जणांची खाती झाल्यावर पुढच्यांची होईनात, म्हणून एकाच खात्यावरून सगळ्यांनी लिहिलं. रात्रीत निम्मे लेख डिलीट, आणि वर ‘ही मोहीम थांबवा’ असा मेसेज. मुलं फार नाराज झाली. मराठीसाठी काही करायचं तर ही वागणूक?

सहाची मर्यादा ही तुमच्याविरुद्ध कट नाही बरं का. एका नेट कनेक्शनवरून, म्हणजे एका आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच नवीन खाती काढता येतात, विकिमीडियाच्या सगळ्या प्रकल्पांवर हे असंच आहे, फुकट्या जाहिरातवाल्यांना आवर घालायला. यावर उपाय म्हणजे मुलांना आदल्या आठवड्यात घरून, मोबाईल डेटावरून खाती काढून यायला सांगायचं, किंवा आधी कळवून मर्यादा तात्पुरती वाढवून घ्यायची. एक खातं अनेकांनी वापरणं मात्र तिथं चालतच नाही, कारण उद्या काही विचारायचं झालं तर विचारायचं कोणाला?

आता जरा पलीकडच्याची रात्र बघा. तो दिवसभर नोकरी करून घरी आलेला, ‘अलीकडील बदल’ उघडतो तर एकाच खात्यावरून धडाधड तीन-तीन ओळींचे लेख, त्यातले काही पेपरच्या वेबसाईटवरून जसेच्या तसे उचललेले, न्यू पॅलेसवर दोन, रंकाळ्यावर आधीच लेख असताना ‘रंकाळा तलाव कोल्हापूर माहिती’ नावाचा अजून एक. त्यानं मोहीम म्हटलं यात मला काही आश्चर्य वाटत नाही. कॉपी-पेस्ट तर ठेवताच येत नाही, पेपरातला तो लेख तुमच्याच प्राध्यापकांनी लिहिलेला असला तरी नाही, कारण विकिपीडियावरचा मजकूर कोणीही पुढं वापरू शकतो अशा मुक्त लायसन्सखाली जातो आणि तशी परवानगी रीतसर द्यावी लागते.

पण डिलीट करणाऱ्यांनाही बोलायलाच पाहिजे. निम्म्या लेखांवर नुसता शिक्का मारून जाण्यापेक्षा ‘कार्यशाळा चालू आहे का, घेणारं कोण आहे’ असा एक प्रश्न विचारला असता तर तुम्ही लगेच हात वर केला असता. अजून वेळ गेलेली नाही. डिलीट झालेला मजकूर प्रचालकांना दिसतो, त्यामुळं चावडीवर जाऊन सांगा की आमची कार्यशाळा होती, आधी कळवायचं राहिलं, जे लेख कॉपी केलेले नाहीत ते मुलांच्या धूळपाटीवर परत मिळतील का. धूळपाटी म्हणजे प्रत्येकाला मिळणारं कच्चं पान, तिथं पाहिजे तेवढं खरडावं, पक्कं झालं की लेखात न्यावं.

आणि पुढच्या वर्षी माझं ऐकणार असाल तर नवीन लेख लिहायला लावूच नका. आहेत त्या लेखांना प्रत्येकानं दोन संदर्भ जोडायचे, एवढंच काम द्या. खासबाग मैदान १९१२ साली बांधून झालं, शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, अशा वाक्यांना पुस्तकातलं पान शोधून लावायचं. नाहीतर स्वतः काढलेला फोटो चढवायचा. दिसायला किरकोळ काम आहे, पण त्यातलं एकही उडणार नाही, आणि पहिलं एडिट टिकलं की पोरगं दुसऱ्या दिवशी घरून परत येतं.

प्रश्न : माझा चपलांचा धंदा आहे, तीन पिढ्यांचा. ‘कोल्हापुरी चप्पल’ या लेखात कर्नाटकचं नाव कशाला? मी काढलं तर परत घातलं. आमच्या दुकानाचं नाव घातलं तर तेही काढलं.

मालक, कर्नाटकचं नाव राहणारच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जे जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून आहे, आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. मनाला लागतं हे समजू शकतो, पण सरकारी नोंद तशी आहे.

दुकानाचं नाव स्वतःच घालू नका, त्याला तिथं हितसंबंध म्हणतात. पण तुम्हाला जे येतंय ते कितीतरी मोलाचं आहे. कातडं कसं कमावतात, कान कसे लावतात, वेणी कशी घालतात, याचे टप्प्याटप्प्यानं फोटो काढून चढवा आणि चर्चा पानावर ‘मी या धंद्यात आहे, हे सुधारायला पाहिजे’ असं उघड सांगून बदल सुचवा. उघड सांगणाऱ्याशी सहसा कोणी भांडत नाही.

प्रश्न : अंबाबाई की महालक्ष्मी? लेखाच्या नावावरून रोज ओढाताण चाललीय.

मी यात पडत नाही! पण पद्धत सांगतो. एक नाव शीर्षकाला, दुसरं पहिल्याच वाक्यात, आणि दुसऱ्या नावानं शोधणारा तिथंच पोचेल असं पुनर्निर्देशन. शीर्षकात कुठलं घ्यायचं ते विश्वासार्ह पुस्तकं, पेपर जास्त करून काय लिहितात यावर ठरवायचं, माणसं गोळा करून हात वर करायला लावून नाही. चर्चा संपेपर्यंत शीर्षक कोणीच हलवायचं नाही, नवीन असो नाहीतर जुना.

प्रश्न : मला म्हणे चर्चा पानावर चार मेसेज आलेले, मी एकही बघितला नाही आणि शेवटी ब्लॉक झालो. मी सगळं मोबाईलवरून करतो.

हे फार जणांचं होतं, आणि जुन्यांनीही लक्षात ठेवावं की उत्तर न देणारा प्रत्येक जण माजलेला नसतो, त्याला दिसलेलंच नसतं. लॉगिन न करता लिहिलं तर मेसेज सापडणं अजून कठीण. लॉगिन करा, वरच्या बाजूला घंटी दिसेल, तिच्यावर आकडा आला की दाबायचं. चर्चा पान सापडत नसेल तर अगदी तळाशी जाऊन ‘डेस्कटॉप’ दाबा. ब्लॉक झालेल्यालाही सहसा स्वतःच्या चर्चा पानावर लिहिता येतं, तिथं मेसेज दिसले नव्हते असं कळवा आणि ब्लॉक काढायची विनंती करा, त्या चार मेसेजना एकेक करून उत्तर देऊन.