बस फोडल्याशिवाय कुणी ऐकत नाही, मग शांततेनं राग मांडायचा तरी कसा?

तू लिहिलंयस: "आमच्या गावची जमीन महामार्गात जाणार आहे. तीन निवेदनं दिली, कुणी हूं की चूं केलं नाही. शेजारच्या गावानं टायर पेटवले, तर दुसऱ्या दिवशी साहेब दारात. मग शांततेनं काय होतं?" वय २२ लिहिलंयस, माझ्या थोरल्या पोरापेक्षा लहान, म्हणून अरे-तुरे करतो.

तुझा राग खरा आहे आणि साहेब आले हेही खरं असणार. पण ते जमिनीचं बोलायला आले होते की टायर विझवायला, हे शेजारच्या गावात जाऊन विचार.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. मार्केट यार्डातून गुळाचे रवे टेम्पोनं पोचवायचा माझा धंदा. टोलच्या आंदोलनात मी सुरुवातीपासून होतो. आपल्याच शहरातल्या रस्त्यांसाठी शहराच्या वेशीवर टोल भरायचा, हे कुणालाच पटलेलं नव्हतं. पुढं डाव्या चळवळीतले ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे, दोघांनीही ऐंशी गाठलेली. मागं सगळे पक्ष, तालमी, रिक्षावाले, घरातल्या बायका. घोषणा एकच: "देणार नाही, देणार नाही, टोल आम्ही देणार नाही!" ती घोषणा मी कितीदा दिली असेन, पण तिची ताकद मला फार उशिरा कळली. काय करायचं ते त्या शब्दांतच होतं. नाक्यावर गाडी थांबवायची आणि पैसे द्यायचे नाहीत. त्याला ना दगड लागतो, ना मनगटात जोर. माझ्या टेम्पोत बसलेली माझी आईसुद्धा ते करू शकत होती, आणि तिनं केलं.

ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये उपोषण झालं, टोल जाईल असं आश्वासन मिळालं, तरी वसुली थांबेना. लोकांचा संयम सुटला आणि नाके जाळले गेले. तू म्हणशील, बघा, त्यानंतरच टोल गेला ना! तारखा नीट बघ. टोल रद्द झाल्याची घोषणा झाली डिसेंबर २०१५ मध्ये. मध्ये जवळजवळ दोन वर्षं गेली, आणि पोलीस बंदोबस्तात वसुली पुन्हा सुरू झाली होती. जाळपोळीनं टोल गेला असता तर त्याच आठवड्यात गेला असता. नाके जळले तेव्हा रस्त्यांचा हिशेब मागं पडला आणि आग कुणी लावली याचीच चर्चा सुरू झाली. पुढची दोन वर्षं आंदोलन टिकलं ते सभा, मोर्चे, कोर्ट आणि न देणाऱ्या लोकांमुळं.

आमच्या गल्लीतला एक पोरगा मात्र त्या काळात अडकला. गर्दीत होता, हातात काही नव्हतं असं तो सांगतो आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण जमाव बेकायदेशीर ठरला की त्यात कोण कशाला उभं होतं, हे सिद्ध करता करता वर्षं जातात. तारखांवर तारखा. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला की तोच गुन्हा वर यायचा. त्याच्या आईनं माझ्याकडं बघून एकदाही तक्रार केली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. आम्ही मोठ्यांनी त्याला त्या दिवशी घरी पाठवायला हवं होतं.

टोल गेलेला बघायला पानसरे नव्हते. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून परतताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. तेव्हा आम्हा सगळ्यांच्या हातापायात आग होती. या शहरानं काय केलं? दर महिन्याच्या २० तारखेला लोक सकाळी एकत्र चालायला लागले, निर्भय मॉर्निंग वॉक. जी गोष्ट करताना माणसावर गोळ्या झाडल्या, तीच गोष्ट उघड्या रस्त्यावर करायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घरचे घाबरले होते.

अलीकडचं उदाहरण नांदणीच्या जैन मठातल्या माधुरी हत्तिणीचं. कोर्टाच्या आदेशानं तिला गुजरातच्या वनतारा केंद्रात न्यायचं ठरलं. जुलै २०२५ मध्ये तिला नेताना दगडफेक झाली. त्यानं हत्तीण थांबली नाही. मग लोकांनी रीत बदलली. २ लाखांवर सह्या झाल्या, गावोगाव लोकांनी वनतारा चालवणाऱ्या उद्योगसमूहाच्या कंपनीची सिमकार्डं सोडली, ३ ऑगस्टला नांदणीपासून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीपर्यंत साधारण ४५ किलोमीटरची पदयात्रा निघाली. काही दिवसांत वनताराच तिच्या परतीसाठी कोर्टात सोबत यायला तयार झाली. उच्च न्यायालयाच्या बेंचसाठी सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी चाळीसेक वर्षं लढा दिला आणि १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात कामकाज सुरू झालं. उशीर लागतो, हे तुझ्यापासून लपवणार नाही.

आता तुझ्या गावाचं. तीन निवेदनांची पोच आहे का? आवक शिक्का, क्रमांक, तारीख? नसेल तर कागदोपत्री तू काहीच दिलेलं नाहीस. गावाचं एक निवेदन देऊ नका. प्रत्येक खातेदारानं आपला गट नंबर लिहून वेगळी हरकत द्यायची, नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत. चारशे हरकती आल्या की चारशे जणांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, इथं कचेरी खरी अडते. ग्रामसभेत ठराव करा आणि इतिवृत्ताची प्रत त्याच आठवड्यात हातात घ्या. माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जानं आखणीचा नकाशा आणि अहवाल मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात तो दिवस, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी असतो. आधी तालुक्याला जा, आणि अर्ज १५ दिवस आधी द्या.

मोर्चा काढायचाच तर आधी पोलीस ठाण्यात मार्ग आणि वेळ लिहून द्या, जमावबंदी लागू आहे का ते विचारा. १५ ऑक्टोबर २०१६ चा मराठा मूक मोर्चा मी दसरा चौकात पाहिला. पुढं मुली, मागं कचरा उचलणारी पोरं, आणि एवढ्या गर्दीत पावलांचा आवाज तेवढा येत होता. तुमच्यातही दर पन्नास माणसांमागं एक ओळखीचा स्वयंसेवक ठेवा. दगड उचलणारा अनोळखी दिसला तर सगळ्यांनी जागच्या जागी खाली बसायचं, हे आधीच ठरवून ठेवा. म्हाताऱ्यांना आणि बायकांना पुढं येता येईल असाच कार्यक्रम ठरवा. ज्या आंदोलनात तुझी आजी येऊ शकत नाही, त्यात महिनाभरानं तुम्ही वीसच पोरं उरता.

निवेदनाचा मसुदा खाली टाक. गट नंबर झाकून टाक, नावं काढ. रात्री टेम्पो लावला की मी वाचून काय सुधारायचं ते सांगतो.