अनोळखी माणसाशी बोलायची सवय लावताना

पहिला प्रयत्न सांगली-मिरज बसमध्ये शेजारी बसलेल्यावर करू नका. बोलणं जमलं नाही तर उतरेपर्यंत दोघंही अवघडून बसता. आधी भाजीवाल्या मावशी, चहाच्या गाड्यावरचे काका. तिथं बोलायला निमित्त असतं आणि दोन मिनिटांत निघताही येतं.

पहिलं वाक्य दोघांच्या समोर असलेल्या गोष्टीवरच टाका. आडनाव, पगार, लग्न विचारलंत की माणूस आखडतो. पावसाळ्यात सांगलीत विषय शोधावाच लागत नाही: "आयर्विनला पाणी किती फुटांवर गेलं ओ?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४० फूट पाणी म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथं पोराटोरांना पाठ असतं. उत्तरातलाच एखादा धागा धरून पुढचं विचारा: "मग २०१९ च्या पुरात तुमच्या गल्लीत कुठवर आलं होतं?" इथं माणूस खुलतो. मात्र घर बुडालेलं असेल तर फक्त ऐका, आपलं काही जोडू नका.

एका शब्दात उत्तर आलं, नजर मोबाइलकडे वळली, की थांबा.

भीती बहुतेक आपल्याच अंदाजाची असते. एप्ली आणि श्रोडर या संशोधकांच्या २०१४ च्या अभ्यासात शिकागोच्या प्रवाशांना वाटलं होतं, अनोळखी माणसाशी बोललो तर प्रवास नकोसा होईल. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचाच जास्त बरा गेला.