भिंत भरली, पण काट्यावरचा माणूस खोलीत नव्हता

तुम्ही लिहिलंय की दूध संघासाठी संकलनापासून बिलापर्यंतची प्रणाली करताय. दोन दिवस इव्हेंट स्टॉर्मिंग (कामात काय काय घडतं ते सगळ्यांनी मिळून चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर क्रमाने लावायची कार्यशाळा) घेतलं, भिंत नारिंगी चिठ्ठ्यांनी भरली, सगळे खूश होऊन गेले, आणि आता डेव्हलपर प्रत्येक चिठ्ठीपाशी अडतायत. साहेब म्हणतायत हे सोडा, बीपीएमएनच्या (कामाचा क्रम ठरावीक चिन्हांनी दाखवायच्या) आकृत्या काढा. आणि तुमचा प्रश्न आहे की पद्धत चुकली, की मिरोसारखा ऑनलाइन बोर्ड घ्यायला हवा होता.

माझी नजर गेली ती तुम्ही दिलेल्या उपस्थितांच्या यादीवर. संकलन व्यवस्थापक, लेखाधिकारी, गुणनियंत्रण प्रमुख, संगणक विभागप्रमुख. गावच्या दूध संस्थेचा सचिव नाही, मिल्कोटेस्टरवर (दुधाची फॅट मोजायच्या यंत्रावर) बसणारा नाही, टँकरबरोबर फिरणारा नाही. माझ्या मते दुखणं तिथेच आहे. चिठ्ठ्यांचे रंग आणि क्रम तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

माझा अनुभव साखर कारखान्याचा. ऊस नोंदीपासून शेतकऱ्याच्या बिलापर्यंतचं काम होतं. कार्यशाळेसाठी आम्ही लेखी मागणी केली होती : काटा क्लार्क (वजनकाट्यावर नोंद करणारा), चिटबॉय (फडावर उसाच्या गाडीची चिठ्ठी देणारा), गट कार्यालयातला शेतकी मदतनीस आणि जमलं तर तोडणी टोळीचा एखादा मुकादम. तिथल्या एका कार्यालयाने (कारखाना कुठला, विभाग कुठला, हे सांगणार नाही) ती यादीच बदलली. हंगाम चालू आहे, काट्यावरचा माणूस सोडता येणार नाही, खातेप्रमुख येतील, त्यांना सगळं माहीत आहे, असं उत्तर आलं. रात्रपाळीचा माणूस तासभर द्या म्हटलं, तर नाही. आम्हीच काट्यावर येतो म्हटलं, तर बाहेरच्यांना प्रवेश नाही, अर्ज करा. अर्ज केला, तर शिफारस आणा. शिफारस देणारं टेबल म्हणे आधी अर्ज मंजूर होऊ दे. परवानगी हातात आली तेव्हा गाळप बंद झालं होतं.

खातेप्रमुखांनी उभी केलेली भिंत अगदी सरळ होती. ऊस नोंदवला गेला, तोडणी प्रोग्रामात (कुणाचा ऊस कधी तोडायचा त्या क्रमात) आला, टोळी गेली, गाडीची चिठ्ठी दिली, भरलेल्या गाडीचा काटा झाला, गव्हाणीत (गाळपाकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर) ऊस खाली झाला, रिकाम्या गाडीचा काटा झाला, बिल निघालं. भिंतीवर वादाची, शंकेची चिठ्ठी जवळजवळ नव्हतीच. एवढ्या मोठ्या कामात कुणाचंच कुणाशी दुमत होत नाही, तेव्हा मला हल्ली भीती वाटते.

पुढच्या हंगामात प्रणाली चालू झाली आणि पहिल्याच आठवड्यांत दोन गोष्टी आदळल्या. एक म्हणजे वाटून आलेली खेप. एका शेतकऱ्याचा फड संपतो, ट्रॉली अर्धीच भरलेली असते, मग शेजारच्या बांधावरचा ऊस त्यात पडतो. कधी पुढची ट्रॉली एका भावाची, मागची दुसऱ्याची. चिटबॉय चिठ्ठीवर दोन नावं घालायचा आणि काटा क्लार्क वजन विभागायचा. त्यासाठी त्याच्या खिडकीशी सुतळीने बांधलेली एक लांबट वही होती. गाडी नंबर, दोन नोंदींचे क्रमांक, कुणाचं किती, आणि कडेला चिटबॉयची सही. वर्षानुवर्षं हा व्यवहार त्या वहीवर चालला होता. आमची प्रणाली एका चिठ्ठीला एकच नोंद घेत होती, त्यामुळे सगळं वजन एकाच्या खात्यावर पडलं.

दुसरी गोष्ट जळीत उसाची. तारांच्या घर्षणाने किंवा कुणी पेटवल्याने फड जळला, की तो पाळी सोडून आधी तोडावा लागतो, कारण जळलेल्या उसाचं वजन आणि साखर दोन्ही झपाट्याने उतरतात. खातेप्रमुखांच्या भिंतीवर प्रोग्राम हाच शेवटचा शब्द होता. म्हणून प्रणाली म्हणाली, या नोंदीची तारीख आलेली नाही, चिठ्ठी निघणार नाही. ट्रॅक्टर रांगेत उभा आणि ऊस सुकतोय.

यात फक्त गैरसोय झाली असती तर एवढं लिहिलं नसतं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वार्षिक 15 टक्के व्याज लागतं. (मी कायद्याचा माणूस नाही, तपशील जाणकाराकडून तपासून घ्या.) वजन चुकीच्या खात्यावर गेलं म्हणजे बिल अडकलं, आणि दिवस मात्र मोजले जात होते. खिडकीवर येऊन शेतकरी बोलायचा कुणाला? काटा क्लार्कला. ज्याला एका शब्दानेही कुणी विचारलं नव्हतं त्याला. हे आठवलं की आजही राग येतो. त्या माणसाचा एक तास वाचवायला हंगामभर शेतकऱ्यांची बिलं अडकवली.

म्हणून पहिला सल्ला : कोण येणार हे कामाच्या आदेशातच घाला, आणि हुद्द्याने नव्हे, कामाने. ‘जो फॅट लावतो तो’, ‘जो टँकरमध्ये दूध चढवून घेतो तो’, ‘जो कपातीची नोंद करतो तो’. हुद्दा लिहिला की वरचा माणूस येतो.

दुसरा सल्ला बऱ्याच जणांना पटणार नाही. अल्बेर्तो ब्रँडोलिनीने 2013 मध्ये इव्हेंट स्टॉर्मिंगची पद्धत मांडली तेव्हापासून सगळ्यांना एकाच खोलीत आणा असंच सांगितलं जातं. त्यांच्याकडे ते चालत असेल. आपल्याकडच्या संस्थांमध्ये साहेब समोर असताना सचिव तोंड उघडत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पहिली बैठक फक्त काम करणाऱ्यांची घ्या, साहेबांना दुसऱ्या फेरीत भिंतीपुढे आणा. एखाद्या छोट्या कंपनीत याची गरज पडणार नाही, हेही मान्य.

आणि सगळ्यांच्या हातात मार्कर द्यायचा आग्रह सोडा. ज्याला चारचौघांत लिहायचा संकोच वाटतो त्याच्यासाठी डोमेन स्टोरीटेलिंग बरं. हॅम्बुर्गच्या श्टेफान होफर आणि हेनिंग श्वेंटनर यांनी ती पद्धत पुढे नेली. एकाने सांगायचं, आपण कागदावर माणसं, वस्तू आणि क्रमांक घातलेले बाण काढायचे, आणि मग तेच त्याला वाचून दाखवायचं. ‘नाही नाही, आधी दूध परत पाठवतो, मग पावती फाडतो’ असं तो म्हणाला की समजा काम सुरू झालं. संकलन केंद्रावर, सकाळची गर्दी ओसरल्यावर, त्याच्याच टेबलावर हे करा. टेबलावरची वही दिसली तर ती काय आहे ते विचारा. काट्यावर जाऊ दिलं असतं, तर ती वही पहिल्याच दिवशी दिसली असती.

नियम गुंतागुंतीचा असेल, उदाहरणार्थ आंबट दुधाची कपात, तर मॅट विनचं एक्झाम्पल मॅपिंग वापरा. एका नियमाखाली खरी घडलेली उदाहरणं मांडायची आणि ज्याचं उत्तर कुणाकडेच नाही ते लाल कार्डावर. वीज गेली तर फॅट कशी लावता? हाताने घातलेला आकडा नंतर कोण बदलू शकतं? टँकरमधलं माप आणि केंद्रावरचं माप जुळलं नाही तर फरक कुणाच्या माथी? माझा अंदाज आहे की तुमचे डेव्हलपर अशाच जागी अडले असतील.

बीपीएमएन वाईट नाही. आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि साहेबांना फाइलला लावायला, लेखापरीक्षकाला दाखवायला काहीतरी लागतंच. पण ठरलेलं मांडायला ते चांगलं. अजून कुणी बोललंच नाहीये ते त्यातून बाहेर येत नाही. आत्ता आकृत्या काढल्यात तर चार खातेप्रमुखांचं म्हणणंच जास्त नीटनेटकं दिसेल.

ऑनलाइन बोर्ड टीम वेगवेगळ्या गावांत असेल तरच घ्या. केंद्रावरच्या माणसाला माउसने चौकोन हलवायला लावलंत तर तो गप्प बसेल. प्लॉटरच्या कागदाचा रोल भिंतीला लावा, जाड मार्कर आणा, पंखा बंद ठेवा. चिठ्ठी खालून वर न ओढता आडवी सोलून काढली तर वळत नाही आणि गळूनही पडत नाही.

आधीची भिंत फाडू नका. तीच गुंडाळून दोन-तीन संस्थांच्या सचिवांकडे न्या आणि ‘यात काय नाही?’ एवढंच विचारा. संघाच्या कचेरीने परवानगी अडवली, तर संस्था स्वतंत्र नोंदणीच्या असतात, तिथल्या अध्यक्षांशी थेट बोलता येतं का ते बघा. तुमच्या करारात ते बसतं की नाही हे मात्र आधी वाचून घ्या.