डिफिब्रिलेटर बसवणाऱ्यांना कायद्याचे संरक्षण किती?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत ज्येष्ठ नागरिकांची संख्या मोठी आहे. प्रवेशद्वाराजवळ वर्गणीतून डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयक्रिया अचानक बंद पडलेल्या रुग्णाला विजेचा धक्का (शॉक) देणारा एईडी, बसवावा आणि रस्त्यावरच्या कोणालाही तो वापरता यावा, अशी सूचना सर्वसाधारण सभेत आली होती. परंतु रुग्ण दगावल्यास यंत्र वापरणारा आणि ते बसवणारी समिती या दोघांवरही खटला होईल, या भीतीने ठराव बारगळला. ही भीती कितपत खरी आहे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : यंत्र वापरणाऱ्याविषयीची भीती बव्हंशी अनाठायी आहे, समितीविषयीची मात्र पूर्णपणे तशी नाही.

भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३० नुसार, जी व्यक्ती संमती देण्याच्या स्थितीत नाही आणि जिच्या वतीने संमती देणारे कोणी वेळेत सापडत नाही, तिच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीतून अपाय झाला, तरी केवळ त्यामुळे ती कृती अपराध ठरत नाही. येथे सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे. योग्य ती काळजी आणि लक्ष हेही कायद्याला अपेक्षित आहे. शिवाय हे यंत्र हृदयाची लय स्वतः तपासते आणि शॉकची गरज असेल तरच तो देऊ देते. हृदयक्रिया बंद पडल्यावर छातीवर दाब दिला गेला नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. अशा रुग्णाचा मृत्यू मदतीमुळेच झाला, हे सिद्ध करणे कठीण असते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ याबाबत हमखास पुढे केले जाते. मदतकर्त्याला त्यात दिवाणी आणि फौजदारी असे दुहेरी संरक्षण आहे, पण ते वाहन अपघातातील जखमींना मदत करणाऱ्यांपुरतेच. फाटकाजवळ चालता चालता कोसळलेल्या आजोबांच्या बाबतीत ते लागू होत नाही.

आता समितीविषयी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ विनामूल्य सेवेला लागू होत नाही. तरीही बॅटरी संपलेले यंत्र भिंतीवर टांगून ठेवल्यास हयगयीचा दिवाणी दावा येऊ शकतो. अमेरिकेने २००० साली केलेल्या केंद्रीय कायद्यात यंत्र उपलब्ध करून देणाऱ्यालाही संरक्षण दिले, मात्र त्याने स्थानिक आपत्कालीन यंत्रणेला कळवले नसेल, देखभाल केली नसेल किंवा आपल्या कर्मचाऱ्यांना आवश्यक ते प्रशिक्षण दिले नसेल आणि त्यातून हानी झाली असेल, तर ते संरक्षण मिळत नाही. तो कायदा आपल्याला लागू नसला, तरी ठरावाचा मसुदा करताना याच अटी समोर ठेवाव्यात, असे माझे मत आहे.

त्यातही देखभालीचे कलम सर्वांत नेमके हवे. छातीवर चिकटवायच्या पॅडना आणि बॅटरीला मुदत असते, आणि आपल्या जिन्यांतल्या अग्निशामक नळकांड्यांवरच्या तारखा कोण वाचतो, हे सर्वांना ठाऊकच आहे. म्हणून तपासणीची जबाबदारी 'समितीवर' असे मोघम न लिहिता एका पदाधिकाऱ्यावर सोपवावी, दरमहा नोंद ठेवावी आणि मुंबईचा पावसाळा लक्षात घेऊन यंत्र बंद पेटीत, पण कुलपाविना ठेवावे. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकालाही प्रशिक्षण द्यावे आणि पेटीवर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक ठळक लिहावा. संस्थेच्या विमा पॉलिसीत त्रयस्थ व्यक्तींप्रती असलेले दायित्व समाविष्ट आहे का, हे विमा कंपनीला लेखी विचारून तिचे उत्तर ठरावासोबत जोडावे.